स्क्रू नसलेला कार्बोरेटर

दोन वर्षांपूर्वी, जून महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, उमरग्यात महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये माझ्या घरमालकांनी दुरुस्तीला आलेलं मशीन त्याच्या मालकिणीच्या हातात दिलं आणि ते स्वतः गॅरेजच्या बाहेर पडले. गॅरेज सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं. याला त्यांचाच दुजोरा आहे.

मी त्या गॅरेजच्या वरच्या खोलीत तीन वर्षं राहिलो. एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी म्हणून तिथं नेमणूक होती. खाली गॅरेज, मागं घरमालकांचं घर, वर मी. गॅरेजवर पाटी नव्हती. सगळे त्यांना अप्पा म्हणत. वय सत्तरच्या पुढं होतं. नेमकं किती, असं विचारलं की म्हणत, "मॉडेल कंच्या सालचं हाय ते इकणाऱ्यानं सांगायचं. म्या काय इकायला काढलोय व्हय?"

अंगावर खाकी अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सकाळी आठला पट्टे तीन असत, दहापर्यंत चौथा काळा पट्टा त्यात भर घाली, कारण घाम पुसताना हाताचं ग्रीस कपाळाला लागे. ते फक्त लहान इंजिनं दुरुस्त करत: पाण्याचे पंप, फवाऱ्याचे पंप, गवत कापायची यंत्रं, जुन्या मोपेड. ट्रॅक्टर घेत नसत. ट्रॅक्टरवाला घाईत असतो आणि घाईतला माणूस खोटं बोलतो, हे त्यांचं कारण.

खोटं हा त्यांच्या धंद्यातला मुख्य विषय होता. मशीन खोटं बोलत नाही, मालक बोलतो, असं त्यांचं मत होतं आणि गॅरेजची सगळी रचना त्या मतावर उभी होती. दाराशी जमिनीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली होती. मालकानं तिच्या अलीकडं, बाहेरच्या बाकावर बसायचं. मशीन आत जाणार, मालक जाणार नाही. मशीन आत गेल्यावर अप्पा रेघेवर येऊन उभे राहत आणि तीन प्रश्न विचारत.

"कुठनं आणलं?"

"आजवर कुणी कुणी उगडलं?"

"आनि काय लपवायलाव?"

तिसरा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. एकदा एका निवृत्त गुरुजींना विचारला. गुरुजी चिडले. म्हणाले, मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलंय. अप्पा रेघेवरून हलले नाहीत. दोन मिनिटांनी गुरुजींनी सांगितलं की, पंप एकदा विहिरीत पडला होता. अप्पा आत गेले आणि आतून म्हणाले, "चाळीस वर्सं शिकीवलं, शिकायचं ऱ्हाऊन गेलं."

ते इंजिन कानानं ओळखत. हे अतिशयोक्तीनं लिहिलेलं नाही, मी तपासलेलं आहे. माझ्याकडं येणारे लोक जिना चढायच्या आत खालून आवाज येई, "पेपरवाले, तुमच्याकडं तलाठी आलेत." किंवा, "ते सोसायटीचे सेक्रेटरी. तिसरा गिअर कधी टाकतच न्हाईत." सुरुवातीचे काही महिने मी हे नोंदवून ठेवलं. ते एकदाच चुकले, आणि त्या दिवशी तलाठ्यांनी मेहुण्याची गाडी आणली होती.

त्यांचा पहिला पराभव विजेवरच्या स्कूटरनं केला. एक तरुण डॉक्टर अशी स्कूटर घेऊन गॅरेजसमोर येऊन थांबला आणि "अप्पा" म्हणाला. अप्पांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली, डॉक्टरला खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "चोरावानी येतंय की हे." त्यानंतर तो डॉक्टर कोपऱ्यावर हॉर्न वाजवूनच येऊ लागला.

एकदा पोलिसांना चोरीचं एक इंजिन सापडलं. दोन शेतकरी ते आपलं म्हणत होते आणि कागद दोघांकडंही नव्हते. पोलिसांनी अप्पांना बोलावलं. अप्पांनी डोळे मिटून इंजिन सुरू करायला लावलं, पंधरा-वीस सेकंद ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. म्हणाले, "हे दोघांचंबी न्हाय." आठवड्यानं तिसरा शेतकरी कागद घेऊन आला. त्या दिवशी ठाण्यातून निघताना अप्पांनी हवालदाराला पोलिसांच्या जीपच्या इंजिनातले टॅपेट ढिले झाल्याचं सांगितलं, ते वेगळं.

माझ्या बातम्या ते रोज वाचत आणि दुरुस्त करत. मी एकदा लिहिलं होतं की, घाटात एक ट्रक अचानक बंद पडल्यानं वाहतूक खोळंबली. संध्याकाळी त्यांनी पेपर जिन्यावर आणून ठेवला. 'अचानक'वर ग्रीसचा अंगठा होता.

"अचानक काय बंद पडत नसतंय," ते म्हणाले. "मालकाला अचानक कळतंय."

तेव्हापासून हा शब्द मी बातमीत वापरलेला नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट मला माहीत होती. त्यांच्या रेघेच्या आत गेलेलं कुठलंही मशीन बंद अवस्थेत परत गेलेलं नव्हतं. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. समोरच्या चहाच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं आणि मी आणखी चार-पाच जणांकडून खात्री करून घेतली. काही मशीनना दोन दिवस लागले, एका गवत कापायच्या यंत्राला पावणेदोन महिने. पण गेलं ते चालू होऊनच.

त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास एक बाई स्कूटरवर आल्या. पायांमध्ये पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. वय पस्तिशीचं, साडीवर पुरुषी शर्ट, पायात बूट. सास्तूरच्या पुढचं एक गाव त्यांनी सांगितलं. पोतं उघडलं तेव्हा आत चेनसॉ निघाला, म्हणजे झाडं तोडायचं साखळीचं मशीन. आमच्याकडं त्याला नुसतं कटर म्हणतात.

अप्पांनी मशीन आत नेलं आणि रेघेवर आले.

"अक्का, कुठनं आणलं?"

"गुलबर्ग्याकडच्या एका ठेकेदाराकडनं. जुनं. दोन हप्ते झाले."

"कुणी उगडलं?"

"त्यानंच उगडलं आसंल. म्या न्हाय."

"आनि काय लपवायलाव?"

"अप्पा, लपवायला येळ कुठाय? शुक्रवारपातूर झाड पाडायचंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. गावातली शाळा भूकंपानंतर बांधलेली. तिच्या मागच्या भिंतीला लागून एक चिंच आहे, वाळलेली आणि शाळेकडं कललेली. शाळा सोमवारी उघडणार होती. ग्रामपंचायतीनं तोडायची परवानगी काढली. गावातले लोक म्हणाले, जेसीबी बोलवा, साखळी बांधून ओढून घेतील. या बाई ग्रामसभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, ओढलं तर झाड भिंत घेऊन येईल, त्यापेक्षा मी तुकडे करून उतरवते. सभेत बरेच जण हसले. सरपंच हसले नाहीत. त्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत झाड उभं असलं, तर शनिवारी सकाळी जेसीबी.

"वडील लाकडं कापायचे," बाई म्हणाल्या. "दोघांची करवत. ओंडक्यावर वरच्या टोकाला ते, खालच्या टोकाला म्या. ते गेल्यावर हे कटर घेतलं. हे पयलंच काम हाय."

"आनि कटरला काय झालं?"

"सुरू होतंय, येक फांदी कापतंय, मरतंय. मग दोरी वढून वढून खांदा जातोय, पर सुरू व्हत न्हाय. प्लग काढला तर पेट्रोलनं चिंब."

"फुगलंय," अप्पा म्हणाले. इंजिनात पेट्रोल जास्त जाऊन प्लग भिजला, की इतर मेकॅनिक 'ओव्हर झालं' म्हणतात. अप्पा 'फुगलं' म्हणत. न चालणाऱ्या मशीनचे त्यांच्याकडं चार प्रकार होते: रुसलेलं, उपाशी, दमलेलं आणि फुगलेलं. फुगलेलं सगळ्यात सोपं. कार्बोरेटरवरचे दोन स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्यायचे, प्लग कोरडा करायचा, चार वेळा दोरी ओढायची.

ते आत गेले. मी जिन्यावर बसून ग्रामसभेच्या गोष्टीची टिपणं काढत होतो. पाच मिनिटं झाली तरी आतून काहीच आवाज आला नाही. दहा मिनिटांनीही नाही. मग अप्पा मशीन दोन्ही हातांत उलटं धरून बाहेर आले.

"पेपरवाले, इकडं या. तुमची नजर बरी हाय. ह्याला स्क्रू कुठाय?"

मी पाहिलं. स्क्रू नव्हता. मी फोनवर मशीनचं मॉडेल शोधलं आणि वाचून दाखवलं. त्या कार्बोरेटरला स्क्रू नसतातच. आत विजेवर चालणारी एक बारीक झडप असते आणि तिला हुकूम देणारी एक इलेक्ट्रॉनिक चकती, म्हणजे चिप. इंजिन फिरू लागलं की तेवढ्यावर तिला वीज मिळते. पेट्रोल किती सोडायचं हे तीच ठरवते आणि शेवटचं मोजमाप लक्षात ठेवते. माणसानं काही फिरवायचं नाही.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मेकॅनिक आतच बसवलाय."

"तसं म्हणता येईल."

"मग त्याला म्हणावं, भाईर ये. काम कर. म्या च्या प्यायला जातो."

पण ते गेले नाहीत. ते आत जाऊन दिवसभर मशीन उघडून बसले. बाईंना त्यांनी गावी जायला सांगितलं. बाई म्हणाल्या, मशीन घेतल्याशिवाय गावी जाणार नाही. त्या बाकावर बसून राहिल्या. दुपारी त्यांनी डब्यातली ज्वारीची भाकरी खाल्ली आणि अर्धी रेघेवर ठेवली. अप्पांनी ती आत घेतली. रेघ ओलांडण्याची परवानगी भाकरीला होती.

त्या दिवशी त्यांनी कार्बोरेटरची सुई धुतली, आतला रबरी पडदा तपासला, प्लग बदलला. ठेकेदारानं सोबत दिलेल्या डब्यातलं पेट्रोल वासावरूनच ओतून टाकलं. "ह्यात ऑइल हाय का ऑइलमधी पेट्रोल?" असं म्हणून बाटलीनं मापून नवीन मिश्रण केलं. मशीन पहिल्या चार ओढींत सुरू झालं, दोन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. परत फुगलं. संध्याकाळी सातला बाई मशीन गॅरेजातच ठेवून उमरग्यातल्या बहिणीकडं मुक्कामाला गेल्या. अप्पांनी त्या दिवशी दुसरं कुठलंही मशीन हातात घेतलं नाही.

बुधवारी सकाळी दोष सापडला, आणि तो तिसऱ्या प्रश्नामुळं सापडला. मशीन सकाळपासून दारातल्या उन्हात होतं. अप्पांनी टाकीचं झाकण उघडलं तेव्हा फुस्स आवाज होऊन पेट्रोल वर आलं. ते थेट रेघेवर गेले.

"अक्का, काय लपवायलाव?"

"काय न्हाय म्हणलं की!"

"तुमी न्हाय. इकणाऱ्यानं काय लपीवलं? त्यो काय म्हणाला हुता, आठवा."

बाईंनी आठवलं. "म्हणाला, जीपमधी आडवं ठिवलं की टाकी गळायची. म्या बंद केली. आता थेंब गळत न्हाय. लई कवतिकानं सांगितलं त्यानं."

अप्पांनी मशीन उलटं करून टाकीच्या वरच्या कडेला नखानं खरवडलं. दोन रंगांची माती मळून फुटक्या पाइपाला लावतात, तशा लगद्याचा एक वाटाणा तिथं बसवलेला होता. त्याच्याखाली टाकीचं श्वास घ्यायचं भोक होतं. ठेकेदारानं गळती थांबवायला टाकीचं नाक बुजवलं होतं.

त्यानंतर त्यांनी बाकाकडं पाहून जे सांगितलं, ते मी तसंच लिहून घेतलं.

"बगा. कापताना टाकीत हवा जात न्हाय, म्हणून पेट्रोल येत न्हाय. आत बसलेल्या शान्याला वाटतंय, पेट्रोल कमी पडायलंय. त्यो झडप उगडतोय. आनि उगडी ठिवतोय. मग हे उनात पडलं की टाकी गरम व्हती, पेट्रोल वर ढकलती, आनि दार तर सताड उगडं. फुगंल न्हाय तर काय व्हईल? मशीनचं काय चुकलं न्हाय. त्याला जे सोसावं लागलं त्यावरनं ते शिकलं."

त्यांनी लगदा काढला. भोकातली हवेची झडप फुटलेली होती. तिच्या जागी फवाऱ्याच्या पंपाची एक बारीक झडप घासून बसवली. अकरा वाजता मशीन सुरू झालं. बाई बाकावरून उठल्या. अप्पांनी मशीन बंद केलं, तीन मिनिटं थांबले आणि परत दोरी ओढली. सुरू झालं नाही. प्लग काढला. चिंब.

बाई परत बसल्या. "अप्पा, आज बुधवार," एवढंच म्हणाल्या.

मी फोनमध्ये पुढं वाचलं. दोष काढला तरी चकतीच्या लक्षात जुनंच मोजमाप राहतं. ते पुसून नवीन शिकवायची एक पद्धत दिलेली होती. साखळीचा ब्रेक लावायचा, मशीन सुरू करायचं, कळ सुरू करण्याच्या जागीच राहू द्यायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. चकती आपलं आपण मोजते. दीड मिनिटापर्यंत वेळ लागू शकतो. मोजून झालं की इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो. तोवर ॲक्सिलरेटर सोडायचा नाही. मधेच सोडला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"एवढंच?" अप्पा म्हणाले.

"एवढंच. दाबून धरायचं आणि काही करायचं नाही."

पहिल्या प्रयत्नात त्यांनी बावीस सेकंदांनी सोडलं. मी घड्याळ लावलं होतं. दुसऱ्यांदा एकतीस. तिसऱ्यांदा एकोणीस. प्रत्येक वेळी मशीन फुगलं, प्रत्येक वेळी प्लग काढून, पुसून, इंजिन कोरडं करून परत सुरुवात. चौथ्या वेळी मी विचारलं, काय होतंय?

"पेपरवाले, पन्नास वर्सं लोकांला सांगत आलो, रिकामं इंजिन फुल्ल पिळू नका. गळा दाबल्यावानी वरडतंय. हे हात आपोआप सुटतेत. म्या सोडत न्हाय, ते सुटतेत."

"कापूस घालायचा का कानात?"

"कापूस घातला तर म्या ऐकायचं कसं?"

पाचव्या वेळी त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. ते चिडले की कानडीत मोजत. ओंदु, एरडु, मूरु. मूवत्तुनंतर, म्हणजे तीसनंतर, आकडे ऐकू येईनात. हात सुटला. समोरचा हॉटेलवाला रस्ता ओलांडून पाहायला आला. त्यानं सुचवलं की, ॲक्सिलरेटरला दोरी बांधावी. अप्पा म्हणाले, "आनि काय वंगाळ झालं तर दोरी सोडणार हाय व्हय?" हॉटेलवाला परत गेला.

सव्वाचार वाजले. सात वेळा झालं होतं. सगळ्यात लांबचा प्रयत्न छत्तीस सेकंदांचा. अप्पा मशीन मांडीवर घेऊन आत खाली बसले होते. बाई बाकावरून उठल्या आणि रेघेजवळ आल्या. रेघ ओलांडली नाही.

"अप्पा, येक बोलू?"

"बोला."

"तुमी सोडायलाव. म्या सोडत न्हाय."

"तुमाला काय ठावं कसं वाटतंय ते?"

"आवाजाचं न्हाय ठाव. पर करवतीच्या खालच्या टोकाला बसणाऱ्याचं येकच काम असतंय. मधी हात सोडायचा न्हाय. सोडला की वरचा माणूस पडतोय. म्या बारा वर्सं तेच केलंय."

बाईंनी पुढं सांगितलं.

"तुमी इथं असलाव तर तुमी मला सोडायला सांगनार. म्या मोठ्या माणसाचं ऐकते, सवय हाय. म्हणून म्हणते, तुमी च्या पिऊन या."

मी अप्पांकडं पाहिलं नाही. मी घड्याळाकडं पाहत होतो, म्हणून वेळ नक्की सांगता येते. चार वाजून वीस मिनिटांनी अप्पा उठले. त्यांनी प्लग परत पुसून बसवला, मशीन रेघेपलीकडून बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आत येऊन बसा. भाईर ऊन हाय, टाकी तापंल." मग ते रेघ ओलांडून, महामार्ग ओलांडून, समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. मध्ये सोलापूर-हैदराबाद वाहतूक चालू होती. ट्रक, टँकर, एसटी.

बाईंनी ब्रेक तपासला, मशीन जमिनीवर ठेवून बुटानं मागचं हँडल दाबलं, दोरी ओढली. सहाव्या ओढीला सुरू झालं. त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

आवाज मोठा होता. वीस सेकंदांनी शेजारच्या दुकानातून लोक बाहेर आले. तीस सेकंदांनी मलाच वाटलं की, सोडावं. बाई खाली पाहत होत्या आणि त्यांचे ओठ मिटलेले होते. पन्नास. साठ. हॉटेलात अप्पा उभे राहिलेले मला दिसले. कपबशी हातातच होती. सत्तर सेकंदांना एक टँकर मध्ये येऊन थांबला आणि ते दिसेनासे झाले.

अठ्ठ्याहत्तराव्या सेकंदाला टँकरच्या पलीकडून आरोळी आली, "झालं! सोडा, अक्का! शिकलं त्ये!"

बाईंनी लगेच सोडलं नाही. मला काहीच फरक जाणवला नव्हता. त्यानंतर, माझ्या घड्याळाप्रमाणं दोन सेकंदांनी, आवाज आमच्या कानांनाही खाली आल्याचा कळला. मग त्यांनी सोडलं. मशीन मंद, एकसारखं चालत राहिलं.

त्यांनी बंद केलं. तीन मिनिटं थांबलो. तोवर अप्पा रस्त्याच्या अलीकडं येऊन बाकाजवळ उभे होते. बाईंनी दोरी ओढली. पहिल्या ओढीला सुरू झालं. परत बंद, परत तीन मिनिटं, परत पहिल्या ओढीला. अप्पांनी तिसऱ्यांदा करायला लावलं.

"बास की," बाई म्हणाल्या. "दिवस मावळंल."

"येकडाव. माझ्यासाठी."

एकदा त्यांच्यासाठी झालं.

बाई मशीन पोत्यात गुंडाळू लागल्या, तेव्हा अप्पांनी तीन सूचना दिल्या. मशीन स्कूटरवर उन्हात ठेवायचं नाही, सावलीत पायाशी धरायचं. सुरू करायच्या आधी झाकण एकदा उघडून टाकीला श्वास द्यायचा. आणि पुढच्या वेळी आपल्या मनानं काही बुजवायचं नाही.

"ठेकेदाराला सांगू का मग?" बाईंनी विचारलं.

"त्याला नगा सांगू. त्यो अजून धा मशीन आसंच करून इकंल आनि ती माझ्याकडंच येतील. आता मला येतंय."

"तुमाला कुठं येतंय? म्या धरलं!"

अप्पा हसले. त्यांना हसताना पाहणं दुर्मीळ नव्हतं, पण आपल्यावरच्या विनोदाला हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. "मग तुमालाच बलवीन," ते म्हणाले. "फोन नंबर भिंतीवर लिवून जावा."

बाईंनी खडूनं नंबर लिहिला. तो लिहिताना त्या गॅरेजच्या आत उभ्या होत्या आणि अप्पा बाहेर होते. हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कुणी बोललं नाही.

गुरुवारी त्या बाई झाडावर चढल्या आणि दिवसभर फांद्या उतरवत होत्या. हे मला शाळेच्या मुख्याध्यापकांनी फोनवर सांगितलं. मी बातमीसाठी फोन केला होता. शुक्रवारी फक्त खोड राहिलं. शाळेच्या बाजूला नाही, तर मोकळ्या मैदानाकडं ते पाडायचं होतं.

शुक्रवारी सकाळी मी उठलो तेव्हा गॅरेज बंद होतं. मी तिथं राहत होतो तोवर कामाच्या दिवशी ते कधी बंद नव्हतं. घरात विचारलं तर कळलं, पहाटेच्या एसटीनं अप्पा लोहाऱ्याकडं, म्हणजे सास्तूरच्या वाटेला गेले. कशाला, ते सांगितलं नाही.

उरलेला तपशील मुख्याध्यापकांकडूनच मिळाला. सकाळी नऊच्या सुमारास खाकी सदरा घातलेला एक म्हातारा माणूस शाळेत आला आणि त्यानं पाणी मागितलं. झाड तोडणाऱ्या बाईंचे कुणी आहात का, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. तो म्हणाला, "न्हाय. मशीनचा हाय." मग तो ओसरीवर झाडाकडं पाठ करून बसला. मुख्याध्यापकांनी सांगितलं की, इकडं बसा, इकडून दिसेल. तो म्हणाला, दिसायला काय करायचंय.

दिवसभरात तो एकदाच बोलला. साडेअकराला त्यानं न वळता मोठ्यानं हाक मारली, "अक्का, साखळी ढिली पडली!" बाईंनी मशीन बंद करून पाहिलं. साखळी ढिली पडली होती. त्यांनी ती आवळली आणि मशीन परत सुरू केलं. किती ओढींत, हे मी मुद्दाम विचारलं. मुख्याध्यापकांनी मोजलं नव्हतं. पण एकदाच हात मागं गेलेला त्यांना आठवत होता.

झाड दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मैदानाच्या बाजूला पडलं. भिंत शाबूत आहे.